घरात निजलेला निरोप

संताजी जासूदांना उभ्या आयुष्यात कुणी साहेब म्हटलं नाही. नोकरी सगळी इंदूरच्या कचेरीत, म्हणजे कोर्टात झाली हो, पण समन्सवाल्याची. कागद घ्यायचा, सायकलवर टांग टाकायची, माणूस हुडकायचा आणि कागद त्याच्या हातात ठेवून अंगठा घ्यायचा. असल्या माणसाला दारात बघून कोण आनंदाने चहा टाकतो? वकील 'ए संताजी' म्हणायचे, कारकून इंदुरी थाटात 'जासूद भिया', म्हणजे भैया, म्हणायचे, आणि बायको मंगला, होती तोवर, चिडवायची, "एकदा तरी कुणी तुम्हाला साहेब म्हणू दे, अन्नपूर्णेला नारळ फोडते." बिचारी नारळ न फोडताच गेली.

पण माणूस ताठ. का नसेल? पूर्वज होळकरांच्या दरबारी जासूद. जासूद म्हणजे काही हेर नव्हे, निरोप्या. इकडचा निरोप तिकडे, घोडा मेला तर पायी. घराण्यात एकच कुळाचार कडक होता आणि तो देवाचा नव्हता: निरोप घरात निजवायचा नाही. हातात आला त्याच दिवशी पोचवायचा. "निरोप घरात निजला की घराला डसतो," असं संताजींचे वडील म्हणायचे. एकदा दिवस कलताना हातात पडलेलं समन्स घेऊन संताजी सायकलने थेट शहराबाहेर लांब बेटम्याला गेले होते. तिथला माणूस म्हणाला, "अरे बाबा, सकाळी आला असतास तरी चाललं असतं." संताजी म्हणाले, "तुला चाललं असतं, मला नाही."

आणि अशा माणसाला निवृत्तीनंतर काम मिळालं ते निरोप न पोचवण्याचं! देवाला थट्टा सुचली की तो माणूस बघून करतो.

झालं असं. यामिनी म्हणून एक मुलगी, तुकोगंजातल्या मराठी घरातलीच, बाहेर शिकून परत आलेली, कचेरीत एक संशोधन घेऊन आली. जामिनावर सुटलेली पुष्कळ माणसं तारखेला, आमच्याकडच्या भाषेत पेशीला, येत नाहीत. मग वारंट निघतं, पोलीस उचलतात, माणूस जेलमध्ये. काही साहेबलोकांचं मत होतं की ही माणसं पळपुटी, जामीनच कडक करा. यामिनीचं मत होतं की बरीचशी पळत नाहीत, विसरतात, नाहीतर बदललेली तारीख त्यांना कळतच नाही. आधी एक साधा फोन गेला तर येतील. जज्जसाहेबांची समिती बसली. समिती म्हणाली, "मतं आमच्याकडेही ढीगभर आहेत. पुरावा आणा. पुराव्यावर ठरवू."

मग पुरावा आणायचा म्हणून कॉम्प्युटरने चिठ्ठ्या टाकाव्यात तशी नावं दोन वाट्यांत पडली. एका वाट्याला फोन करायचा, दुसऱ्याला करायचा नाही. शेवटी मोजायचं, कुठले किती आले. फोन करायला चार माणसं घेतली, त्यात संताजी, कारण आवाज खणखणीत आणि कचेरीची खडा न् खडा माहिती. प्रत्येकाला ठरावीक कोर्टं वाटून दिली.

पहिल्याच दिवशी संताजींनी विचारलं, "मॅडम, ज्याला तारीख माहीत नाही, त्याला आपण जाणूनबुजून सांगायचं नाही? हे कसलं हो काम?"

"काका, सगळ्याच कुंड्यांना खत घातलं तर झाड खताने वाढलं की उन्हाने, कळणार कसं?" यामिनी म्हणाली. "आज कुणीच कुणाला सांगत नाही. आपण निम्म्यांना तरी सांगतोय. एकदा सिद्ध झालं की सगळ्यांना. पण मधेच दया आली तर सगळं पाण्यात. दुसऱ्या एका जिल्ह्यात तेच झालं. फोन करणाऱ्यांना वाईट वाटलं, त्यांनी गुपचूप सगळ्यांनाच फोन लावले. शेवटी दोन्ही वाटे सारखेच निघाले. तिथली समिती म्हणाली, फोनने काही फरक पडत नाही, बंद करा. तिथली माणसं अजून वारंटवर जेलमध्ये जातायत."

हे संताजींना पटलं. बाहेर कामाबद्दल बोलायचं नाही आणि कुणी तारीख विचारलीच तर 'वकिलाला विचारा' एवढंच म्हणायचं, हेही पटलं. इतकं पटलं की नीरज नावाच्या दुसऱ्या फोनवाल्याने आपल्या गल्लीतल्या एका रिक्षावाल्याला, दुसऱ्या वाट्यातल्या, चोरून फोन केला तेव्हा यामिनीच्या कानावर घालणारे संताजीच. नीरजचं काम गेलं. जाताना तो म्हणाला, "काका, रिक्षावाल्याचं लेकरू आजारी आहे हो." संताजी म्हणाले, "अन् बाकीच्यांची लेकरं? एकाच्या दयेपायी हजारांचं नुकसान करतोस, समजतं का?" बोलणं खरं होतं. पण खरं बोलायला आपल्या खिशातून काही जात नसलं की जीभ जरा जास्तच सैल सुटते.

आता शालिनी. मंगला गेल्यापासून संताजींच्या घरी पोळ्या-भाजी करणारी बाई. घर तिचं अन्नपूर्णेच्या देवळामागच्या वस्तीत, नवरा नाही, एक मुलगी, रुची, दहावीला. सकाळी आधी संताजींकडे यायची, मग तुकोगंजात तीन घरं. बोलकी इतकी की कणीक मळताना पातेल्याशीसुद्धा भांडेल. संताजींना ती आबा म्हणायची. भाजीत तिखट कमी टाकायची, कारण "आबा, तुमचं पोट बघा, अन् चटोरपणा बघा." घरात मंगलेनंतर रागावणारं असं एवढंच माणूस उरलं होतं.

या शालिनीवर एक केस होती. वस्तीत पाण्याच्या टँकरवरून जुंपली, हिने बादली उगारली, शेजारणीच्या कपाळाला लागली. हिलाही लागलं होतं, पण शेजारीण ठाण्यात आधी पोचली. एवढंच. जामीन झाला. मधे रुचीला ताप होता म्हणून एक पेशी चुकली, तेव्हा मॅजिस्ट्रेटसाहेबांनी भर कोर्टात तंबी दिली की आता चुकलीस तर सरळ वारंट. त्या दिवसापासून बाई पेशीच्या नावाने चळाचळा कापायची. पुढची तारीख तिने तोंडपाठ केली होती: रंगपंचमीचा दिवस.

तारीख दिली तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही, पण रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते. राजवाड्यावर टँकरने रंग उडतो, अख्खं शहर रस्त्यावर येतं. त्या दिवशी कचेरीत चिटपाखरू नसतं. सुट्टी जाहीर झाली आणि शालिनीने, इंदूरचा कुणीही करील तसा, हिशेब केला की सुट्टीची पेशी दुसऱ्या दिवशी. पिढ्यान् पिढ्या तसंच चालत आलंय. पण या खेपेला तिच्या कोर्टाच्या मॅजिस्ट्रेटसाहेबांना रंगपंचमीनंतर लगेच बाहेरगावी प्रशिक्षणाला जायचं होतं. त्यांनी सुट्टीच्या सगळ्या पेश्या एक दिवस आधी घेतल्या आणि कोर्टाच्या दारावर सूचना चिकटवली. वकिलांनी वाचली असेल. शालिनीचे वकील होळीला गावी गेले होते, ते अजून उगवले नव्हते.

सूचना संताजींनी वाचली, कारण ते कोर्ट त्यांच्याच वाट्याचं. लगेच फोनला बसले. "नमस्कार, कचेरीच्या मदत-फोनवरून बोलतोय. आपली पेशी रंगपंचमीला नाही, उद्या आहे, उद्या. निरोप समजला का?" एकेक जण पलीकडून दचकायचा, "अरे बाप रे, बरं झालं सांगितलंत भिया!" संताजींना बरं वाटायचं. मग नावं संपली. शालिनीचं त्यांत नव्हतंच.

 तिची केस याच कोर्टातली, तारीख हीच, म्हणजे ती दुसऱ्या वाट्यात. ते तडक यामिनीकडे गेले.

"मॅडम, एक बाई आहे. माझ्याकडे पोळ्या करते. तिचं नाव तेवढं यातून काढून टाका."

यामिनीचा चेहरा उतरला. "काका, चिठ्ठी पडल्यावर काढता येत नाही हो. ज्याला जे पडलं त्यात त्याला मोजायचं. आज तुमची काढली तर उद्या दुसऱ्याची, परवा माझी. मग समिती विचारणार, तुम्ही सोयीची नावं कोणती ठेवलीत?"

"तिला जेल होईल."

"मला माहितीये." ती खाली बघत म्हणाली, "रोज कुणालातरी होते, काका. मला त्यांची नावं माहीत नसतात, एवढंच. मी तुम्हाला अडवायला येणार नाही. पण तुम्ही सांगितलंत तर मला ते लिहावं लागेल, आणि मग तुमच्या कोर्टाचे सगळे आकडे बाद. शेवटच्या महिन्यात आलोय आपण."

संताजींना नीरज आठवला. 'अन् बाकीच्यांची लेकरं?' आपलेच शब्द उलटून अंगावर आले. सांगावं तर कचेरीतले हजार लोक बुडतात, शिवाय नीरजला हाकललं ते तोंड कुठे लपवायचं? न सांगावं तर शालिनी बुडते. इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हींच्या मधली जागा त्यांनी स्वतःच खणून ठेवलेली.

त्या संध्याकाळी ते घरी आले ते चप्पल न काढता खुर्चीवर बसून राहिले. शालिनीची वस्ती चालत जाण्याइतकी जवळ. बेटम्याला सायकल हाणणारा माणूस, पण पाय उचलेनात. आयुष्यात पहिल्यांदा निरोप त्यांच्या घरात मुक्कामाला राहिला. देवापाशी दिवा लावताना त्यांनी वडिलांच्या तसबिरीकडे बघायचं टाळलं.

सकाळी शालिनी आली ती गात. रंगपंचमीची तयारी म्हणून जुना ड्रेस काढून ठेवला होता, रुचीला म्हणे गुलाबी रंगच हवा. कणीक मळता मळता तिने सहज विचारलं, "आबा, तुम्ही कचेरीत राहिलेले, तुम्हीच सांगा. उद्याची सुट्टी, म्हणजे माझी पेशी परवाच ना? बिलकुल पक्कं?"

घ्या! ज्याला टाळायला रात्रभर कूस बदलली, तेच समोर येऊन उभं. स्वयंपाकघर केवढंसं, दारात ती, खिडकीला गज, आणि संताजी मधे स्टुलावर हातात कप घेऊन. एक शब्द पुरे होता. 'आज' एवढाच. तो घशापर्यंत आला, जिभेवर आला, आणि त्याच्या मागोमाग ते दुसऱ्या जिल्ह्यातले लोक आले, ज्यांना कुणाच्या तरी दयेपायी अजून फोन जात नाही.

"वकिलाला विचार," संताजी म्हणाले.

"वकील कुठे? गावाला गेलाय मेला तो. त्याचा मुन्शीही फोन उचलत नाही. तुम्हाला तर सब मालूम आहे, आबा."

"वकिलाला विचार म्हटलं ना!" ते खेकसले. चहा सांडला.  मग तिने फडक्याने लादी पुसली आणि हसली. "पोट बिघडलंय वाटतं. आज भाजीत मिरची टाकतच नाही." पोळ्या झाकून ठेवून ती तुकोगंजाच्या घरांना निघून गेली, आणि संताजी कचेरीत.

कचेरीत ते त्या कोर्टाच्या व्हरांड्यातच बसून राहिले, उगाच. मनात आशा की कुणीतरी तिला सांगेल, वकील उगवेल, साहेबांचं डोकं दुखेल. दुपारच्या आत शिपायाने दारात येऊन आरोळी ठोकली, "शालिनीबाई हाजिर है?" संताजींनी आयुष्यात असल्या आरोळ्या किती ऐकल्या असतील, कधी मान वळवली नव्हती. दुसऱ्यांदा आरोळी झाली तेव्हा ते उठून उभे राहिले. कशाला, ते त्यांनाच ठाऊक नाही. तिसऱ्यांदा झाली. शिपायाने त्यांच्याकडे बघून विचारलं, "क्या भिया, ओळखता का हिला?"

संताजींनी मान हलवली. नाही म्हणून.

रंगपंचमीच्या सकाळी गल्लीत पोरं पिचकाऱ्या भरत होती तेव्हा महिला पोलीस शालिनीच्या दारात उभी राहिली. गेर म्हणून धरपकड जोरात होती, जुनी-नवी सगळी वारंटं निकालात काढत होते. बाई ओरडत राहिली, "अहो, माझी पेशी उद्या आहे, उद्या!" तोंडाला गुलाबी रंग फासलेला, तशीच गाडीत बसवली. सुट्टीच्या दिवशी बसणाऱ्या दुसऱ्या साहेबांनी तिला जेलमध्ये पाठवलं. सुट्टी संपल्यावर त्या कोर्टाचा कारभार बघणारे साहेब म्हणाले, मूळ साहेब प्रशिक्षणावरून येऊ देत, मग बघू. तिला सुटायला पुढचा आठवडा उलटला. रुची शेजाऱ्यांकडे राहिली, आणि दहावीचा एक पेपर आईच्या काळजीत कसाबसा लिहून आली.

संताजींनी त्या दिवसांत पोळ्या खाल्ल्याच नाहीत. ब्रेड आणून खाल्ला, तोही अर्धामुर्धा. पोह्यांच्या ठेल्यावर एकदा नीरज भेटला. राग नाही, रुसवा नाही, उलट त्यांच्या प्लेटवर स्वतःच शेव वाढवून घेतली. "काका, काम गेलं माझं, पण रिक्षावाला भेटला की जिलेबी खिलवतो," म्हणाला आणि हसला. संताजींनी प्लेट तशीच ठेवून पैसे दिले.

शालिनी परत आली ती निम्मी होऊन. तुकोगंजातल्या तिन्ही घरांनी 'जेलमध्ये जाऊन आलेली बाई नको' म्हणून दार लावलं होतं. एकच घर उरलं, आबांचं. पहिल्या दिवशी ती ओट्यापाशी उभी राहिली, पोळपाट हातात घेतला आणि एकदम रडू लागली. "आबा, कुणीच सांगितलं नाही हो मला. सगळ्या कचेरीत एक माणूस नाही भेटला सांगणारा. तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही धावत आला असतात, मला माहीत आहे."

 सांगावं असं संताजींना शंभरदा वाटलं. पण सांगून हलकं व्हायचं ते आपण, आणि ओझं घेऊन जायचं ते तिने, हा कुठला न्याय? असं ते स्वतःला समजावत. खरं म्हणजे घाबरत होते. आता तिला दुसरं घर नव्हतं आणि त्यांना दुसरं माणूस नव्हतं.

महिन्याभराने आकडे आले. फरक ढळढळीत होता: फोन गेलेले पुष्कळ जास्त हजर राहिले होते. समितीने ठराव केला की यापुढे जामीन कडक करण्याची भाषा नको, जिल्ह्यातल्या प्रत्येकाला पेशीआधी फोन जाईल, कायमचा. यामिनी पेढे घेऊन आली. डोळ्यांत पाणी होतं तिच्या. "काका, तुमच्या कोर्टाचे आकडे सगळ्यांत स्वच्छ निघाले. समितीत त्यांचंच उदाहरण दिलं मी." मग तिला ती पोळ्या करणारी बाई आठवली आणि तिने पेढ्यांचा डबा मिटला. संताजींनी पेढा हातात धरला. आकडा स्वच्छ होता, कारण न आलेल्यांच्या ओळीत शालिनी मोजली गेली होती. ती आली असती तर पुरावा तेवढा पातळ झाला असता. काम चांगलं झालं होतं, अगदी मनापासून चांगलं, आणि तरी त्यांना तो पेढा तोंडात घालवेना.

नवी पद्धत सुरू झाली त्या दिवशी संताजींच्या पुढे आलेल्या नावांत शालिनीचं नाव होतं. पेशी दोन दिवसांवर. शेजारी बसून फोन करणाऱ्या मुलीला ते दिलं असतं तर तिने मुकाट लावला असता फोन. यामिनीनेही 'तिला देऊ का' असं खुणेने विचारलं. संताजी म्हणाले, "नको. एक निरोप आधीच निजवलाय घरात. हा माझ्या हातूनच जाऊ दे."

त्यांनी नंबर फिरवला. "नमस्कार, कचेरीच्या मदत-फोनवरून बोलतोय. आपली पेशी परवा आहे. येताना कागद..."

"आबा?" पलीकडून शालिनी म्हणाली. "आबा, तुम्ही? अगोबाई, हे काम करता होय तुम्ही कचेरीत! अन् मला बोललात नाही कधी?" आवाजात कौतुक होतं.  मागे नळ वाहत होता, तो तिने बंद केला. "कधीपासून करता हे?"

"दिवाळीपासून."

 दिवाळी आधी आणि रंगपंचमी नंतर, हा हिशेब करायला शाळा लागत नाही.

"त्या दिवशी मी विचारलं तेव्हा," ती हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

आता मात्र वकिलाला विचार म्हणायची सोय नव्हती. "होतं," संताजी म्हणाले. पुढे सांगायचं पुष्कळ होतं, कुंड्या, खत, तो दुसरा जिल्हा, समिती, यापुढे वाचणारी सगळी माणसं. सगळं खरं होतं, आणि त्यातलं एकही तिला सांगण्यासारखं नव्हतं. फोन तिनेच ठेवला.

ती आता येणार नाही, असं धरून ते सकाळी ब्रेड आणायला उठले, तर दारात शालिनी. येणार नाही तर जाणार कुठे? एकच घर उरलेलं. काही न बोलता तिने कणीक मळली, भाजी फोडणीला टाकली, तिखट बेतानं. पातेल्याशी भांडली नाही की पोटाची चौकशी केली नाही. संताजी स्टुलावर बसून तिच्या पाठीकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, हिने ओरडावं, पोळपाट फेकून मारावा, काहीही करावं.

काम आटोपून तिने हात धुतले, पदराला पुसले आणि दारापाशी जाऊन चप्पल पायात घातली.

"पोळ्या झाकून ठेवल्यात, साहेब," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.